एका सेकंदाला एक शब्द

मूंटा गावात एल्वाबाई पेन्हॉल यांना लोक आधी आवाजानं ओळखत आणि मग चेहऱ्यानं. त्याला कारणही तसंच होतं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि वडिलांनी त्यांना गावच्या टेलिफोन केंद्रात बसवलं. तिथं अकरा वर्षं त्यांनी अख्ख्या गावाची बोलणी एकमेकांना जोडून दिली. तांब्याच्या खाणी त्यांच्या जन्मानंतर वर्षभरातच बंद पडल्या होत्या. निम्मं गाव उठून गेलं होतं आणि मागं राहिलेले एकमेकांना इतके ओळखत, की नंबर सांगायचीही गरज नसे. ‘‘एल्वा, बहिणीला लाव गं माझ्या,’’ एवढं पुरे. पुढं वॉलरूच्या धान्यकोठारात वजनकाट्यावर काम करणाऱ्या क्लॅरी पेन्हॉलशी लग्न झालं. दोन मुली झाल्या, त्या शिकून अ‍ॅडलेडला गेल्या. दर रविवारी चॅपेलमध्ये उभं राहून बायबलमधलं शास्त्रवाचन करायचं काम १९५१ सालापासून बाईंकडंच होतं. देवाचं काम म्हणून त्यांनी ते कधी चुकवलं नाही. धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत त्या वाचायला उभ्या राहिल्या होत्या.

म्हणून १९७८ साली शहरातल्या विद्यापीठातून डॉक्टर नोएल क्लाइनिग आले, तेव्हा चॅपेलच्या पाळकसाहेबांनी त्यांना सरळ एल्वाबाईंच्या दारात आणून उभं केलं. हे डॉक्टर औषधाचे नव्हेत. माणूस शिकतो कसा, लक्षात ठेवतो कसा, विसरतो कसा, याचा अभ्यास करणारे. वय छत्तीस, उंच, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. त्यांना मूंटातले पासष्टच्या पुढचे साठ-बासष्ट लोक हवे होते. दर दोन वर्षांनी त्याच लोकांना तेच काम द्यायचं आणि वय वाढतं तशी आठवण किती कमी होते ते मोजायचं. शहरातले लोक घरं बदलतात, हाती लागत नाहीत. मूंटातला माणूस मूंटातून हलतो तो थेट दफनभूमीत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

‘‘काम काय करायचं?’’ बाईंनी विचारलं.

‘‘पंधरा शब्द वाचायचे. एका सेकंदाला एक. वाचून झालं की समोरचा माणूस आठवतील तेवढे म्हणून दाखवेल. तुम्ही लिहून घ्यायचे. कॅसेटवर सगळं उतरेल.’’

‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच. पण ते ‘एवढंच’ फार कठीण असतं, मिसेस पेन्हॉल.’’

चॅपेलच्याच इमारतीत भरणाऱ्या रविवारच्या शाळेच्या मागच्या खोलीत तीन दिवस त्यांनी बाईंना शिकवलं. प्रत्येक शब्द सारख्याच आवाजात म्हणायचा. कुठल्याच शब्दावर जोर नको. कुणी बरोबर सांगितलं तर मान हलवायची नाही, चुकलं तर सुस्कारा नाही, अडकला तर ओठ हलवून मदत नाही. आणि ‘छान’ म्हणायचं नाही.

‘‘छानसुद्धा नाही?’’

‘‘छान तर मुळीच नाही.’’

‘‘म्हातारी माणसं घाबरून येणार, आणि मी समोर दगडासारखी बसू?’’

‘‘सुरुवात करण्याआधी हवं तेवढं बोला. झाल्यावर केक द्या. मधली दोन मिनिटं तेवढी दगडासारखी. तुम्ही एकाला छान म्हणालात आणि दुसऱ्याला म्हणायचं विसरलात, की मी माणसांची आठवण मोजत नाही, तुमचा स्वभाव मोजतोय.’’

टेबलावर त्यांनी लाकडी पेटीतलं मेट्रोनोम ठेवलं. पियानो शिकवणाऱ्यांकडं असतं ते, उलटा लंबक डावीकडून उजवीकडं हलणारं. खाली लोकरीचा रुमाल घालून टिकटिक दाबली. बाईंनी फक्त त्याच्याकडं बघायचं. लंबक एका टोकाला गेला की शब्द.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाईंनी मनातलं विचारलं. ‘‘डॉक्टर, एवढा खटाटोप कशाला? माणसालाच विचारायचं, बाबा रे, तुझं डोकं पूर्वीसारखं चालतं का? मूंटाचे लोक खोटं नाही बोलायचे.’’

क्लाइनिग हसले. ‘‘शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत असंच सुरू झालं. शिकलेसवरलेले लोक स्वतःच्या मनात डोकावून पाहायचे आणि दिसेल ते लिहून काढायचे. पण एका गावच्या विद्वानाला एक दिसायचं, दुसऱ्याला दुसरं. पुढच्या पिढीनं वैतागून मन हा शब्दच टाकला. उंदीर, कबुतरं, काय करतात तेवढंच बघा म्हणाले. आम्ही त्यांच्यानंतरचे. आम्ही म्हणतो मन आहे, आत पुष्कळ काही चालतं, पण त्याच्या मालकाची साक्ष काढू नका. काम द्या, घड्याळ लावा, मोजा. माणूस प्रामाणिक असतो हो. प्रामाणिक असणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं.’’

बाईंना ते नीट पटलं नाही. प्रामाणिक माणूस चुकेलच कसा, असं त्यांना वाटलं. पण पाहुण्याशी वाद कशाला, म्हणून त्यांनी केशराच्या केकचा दुसरा तुकडा त्यांच्या बशीत वाढला.

पहिल्या फेरीला बासष्ट जण आले. ठेवणीतले कपडे घालून आले, जणू देवाघरचीच परीक्षा. जाबेझ रॉडा आणि त्यांची बायको आयव्ही एकाच दिवशी आले. जाबेझकाकांनी आयुष्यभर मासेमारी केली होती आणि कुणाचं ऐकून घेणं त्यांना ठाऊक नव्हतं.

‘‘पोरी, पंधरा शब्द? आमच्या घरात मला दिवसाला पंधरा शब्द बोलायला मिळत नाहीत,’’ असं म्हणत ते खुर्चीवर बसले आणि पाच शब्द सांगून उठले. आयव्हीकाकूंनी नऊ सांगितले. पुढं कित्येक महिने जाबेझकाकांना ते ऐकावं लागलं.

अशा दर दोन वर्षांनी फेऱ्या झाल्या. शब्दांची यादी दर वेळी नवी. उत्तरांचे कागद टपालानं शहरात जायचे. कॅसेटी बाईंच्या घरी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, वर नाव आणि तारीख चिकटवून. दुसऱ्या फेरीच्या शेवटी मेट्रोनोमची स्प्रिंग तुटली. बाईंनी तसं पत्रानं कळवलं. मला आता ताल तोंडपाठ झाला आहे, तरी नवं यंत्र पाठवावं, असं लिहिलं. डॉक्टरांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की तुमच्या कानावर माझा त्या यंत्रापेक्षा जास्त विश्वास आहे, चालू द्या. बाईंना त्या दोन ओळींनी इतकं बरं वाटलं, की ते पत्र त्यांनी प्रार्थनापुस्तकात घालून ठेवलं.

पाचवी फेरी १९८६ मध्ये झाली. पुढच्या मे महिन्यात डॉक्टर स्वतः आले. केस विरळ झाले होते, चष्मा तसाच घसरत होता. स्वयंपाकघरात बसले आणि मांस-बटाट्याचं सारण भरून भाजलेली पॅस्टी खाता खाता पुन्हा पुन्हा हातातली बाजूला ठेवून बोलू लागले.

‘‘मिसेस पेन्हॉल, जगात कुठंही आठ वर्षांत या वयाची माणसं एखादा शब्द गमावतात. तुमची गमावत नाहीत. सरासरी साडेसहावरून सातवर गेली आहे. मला वाटलं, सरावाचा परिणाम. पाच वेळा एकच खेळ खेळलं की कुणीही तरबेज होईल. म्हणून तर मी या खेपेला चाळीस नवे लोक घ्यायला सांगितले होते, कधीच न बसलेले. त्यांची सरासरी साडेसातच्या वर! म्हणजे सराव नव्हे.’’

‘‘मग?’’

‘‘मग गाव. तुमचं हे चॅपेल. लहानपणापासून वचनं पाठ, भजनं पाठ. एकमेकांची चौकशी, रोजच्या गप्पा. मला दुसरं काही सापडत नाही. ऑगस्टमध्ये मेलबर्नला सभा आहे, तिथं मांडणार आहे.’’

क्लॅरी दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, ‘‘डॉक्टर, हिच्या आठवणीचं तर विचारूच नका. १९४९ साली मी लग्नाला वीस मिनिटं उशिरा आलो, ते अजून जिवंत आहे.’’

गावात बातमी पसरायला टेलिफोन केंद्राची गरज पडली नाही. तिथल्या साप्ताहिकात छापून आलं, की मूंटाची म्हातारी माणसं विसरत नाहीत. नगरपरिषदेत कुणीतरी गावाच्या वेशीवर तशी पाटी लावायची सूचना मांडली. पाळकसाहेबांनी रविवारी आभाराची प्रार्थना केली. एल्वाबाईंनीही केली, मनापासून. आपल्या हातून देवानं गावाचं एवढं कौतुक करून घेतलं, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले होते.

जून महिन्यातल्या एका गुरुवारी जाबेझकाका टोपलीभर लिंबं घेऊन आले. आयव्हीकाकू जाऊन सात महिने झाले होते. काका आता त्र्याऐंशीचे, कानाला यंत्र. बराच वेळ ते हवेबद्दल बोलले, मग टोपीची कड चाचपत म्हणाले, ‘‘पोरी, तुझ्या त्या डब्यांत माझी आयव्ही आहे ना?’’

बाईंना पहिल्यांदा कळलंच नाही.

‘‘तिचा आवाज गं. घरात फोटो तेवढे आहेत. फोटो काय बोलतात?’’

कॅसेट बाहेरच्या कुणाला ऐकवायची नाही, असा नियम होता. बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. नवऱ्याला ऐकवायला माझी हरकत नाही, म्हणाले. तेव्हा बाईंनी टेपरेकॉर्डर टेबलावर मांडला, १९७८ची कॅसेट घातली.

आधी बाईंचाच आवाज आला. सूचना सांगून झाल्या आणि मग, ‘दोरी, मासा, खिडकी, मीठ, टोपी, शिडी…’ असं भराभर पंधरा. मग आयव्हीकाकू. ‘‘मीठ… टोपी… जाबेझची ती घाणेरडी नव्हे, नुसती टोपी… शिडी…’’

काकांनी रुमाल काढला. नाक शिंकरलं. ‘‘घाणेरडी म्हणाली बघ. कॅसेटवरसुद्धा.’’ मग म्हणाले, ‘‘अजून आहे?’’

बाईंनी शेवटची लावली, १९८६ची. पुन्हा सूचना, पुन्हा यादी. ‘चमचा…’ असं म्हणून आवाज थांबला. ‘कुंपण…’ पुन्हा थांबला. ‘पाऊस…’

काका कानाचं यंत्र नीट करत म्हणाले, ‘‘पोरी, पहिल्या खेपेला तुला कुठली गाडी पकडायची होती गं?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मघाशी तर धावत होतीस. आता कशी बैलगाडीतून चाललीयस. हे बरं आहे, मला तरी ऐकू येतं.’’

आयव्हीकाकूंचा आवाज सुरू झाला तसे काका त्यात हरवून गेले, पण एल्वाबाई बोटांवर बोटं घट्ट धरून बसून राहिल्या. काका लिंबांची टोपली विसरूनच घरी गेले.

क्लॅरी परसात कबुतरांच्या खुराड्याशी होता. शर्यतीची कबुतरं हा त्याचा जीव. गळ्यात कायम थांबघड्याळ.

‘‘ते घड्याळ घेऊन आत ये,’’ बाई म्हणाल्या.

‘‘काय शिजतंय?’’

‘‘ये म्हणते ना.’’

दोघं टेबलाशी बसली. १९७८ची यादी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पंधरा सेकंदांत संपली. १९८०ची जवळजवळ तेवढीच. १९८२ची एकोणीस. १९८४ची बावीस. १९८६ची सव्वीस.

‘‘यंत्राचा पट्टा सैल झाला असेल,’’ क्लॅरी म्हणाला.

‘‘पट्टा सैल झाला तर माझा आवाज तुझ्यासारखा जाडा येईल. नीट तर येतोय. थांबते ती मीच, दोन शब्दांच्या मध्ये.’’

त्यांनी आणखी दहा कॅसेटी लावल्या, वेगवेगळ्या माणसांच्या. सगळीकडं तेच. उलट कुणी फार म्हातारं समोर असलं की त्या जास्तच थांबत होत्या.

एल्वाबाईंना कुणी बायबलवर हात ठेवायला लावून विचारलं असतं, तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की पहिल्या दिवसापासून आपण एका सेकंदाला एक शब्द वाचत आलो. मनात तो लंबक अजून हलत होता, तसाच. पण टेबलावरचं घड्याळ दुसरंच सांगत होतं.

थोड्या वेळानं त्यांनी पॅस्टीसाठी बटाटे कापायला घेतले आणि कापता कापता एकदम हात थांबला. १९८१. नवे पाळकसाहेब आले ते वर्ष. पहिल्याच महिन्यात ते म्हणाले होते, ‘‘एल्वाबाई, मागच्या बाकांवरच्यांना ऐकू येत नाही हो. सावकाश वाचा. शब्द ठेवा, तो पोचू द्या, मग पुढचा.’’ बाईंनी ते मनावर घेतलं होतं. रविवारी सावकाश वाचायची सवय लागली, आणि तीच माणसं, तोच आवाज, तीच इमारत. मंगळवारी मागच्या खोलीत बसून यादी वाचतानाही शब्द ठेवायचा आणि पोचू द्यायचा हे आपोआप होत गेलं. शब्द पोचायला वेळ मिळाला म्हणजे तो घट्ट बसणारच. तीस वर्षांपूर्वी मुलींना पाढे शिकवताना त्यांनी स्वतः हेच केलं होतं.

‘‘म्हणजे गावानं लक्षात ठेवलं नाही, क्लॅरी. मीच त्यांना वेळ देत होते.’’

क्लॅरीनं घड्याळ गळ्यात घातलं. ‘‘सोड ना. कुणाचं काय बिघडलं? लोक खूश आहेत. तो बिचारा खूश आहे. ती कॅसेट पुन्हा कोण ऐकणार आहे? डब्यांना झाकण लाव.’’

‘‘असं तू म्हणतोस?’’

‘‘का? मी काय म्हणू?’’

‘‘शर्यतीतल्या पाच सेकंदांवरून तू माझ्या सख्ख्या भावाशी दोन वर्षं बोलला नाहीस.’’

‘‘ते वेगळं होतं. त्याचं घड्याळ पुढं होतं!’’

‘‘हं,’’ बाई म्हणाल्या आणि बटाटे कापू लागल्या.

तरी त्यांनी लगेच फोन केला नाही. तीन दिवस गेले. ऑगस्ट दीड महिन्यावर आला होता. सांगितलं तर नऊ वर्षांचं त्या माणसाचं काम वाहून जाणार. पाटी तर राहिलीच, गाव हसणार. आणि हसणार ते एल्वाच्या आवाजावर, ज्याच्यावर त्यांचं सगळं नाव उभं होतं. न सांगितलं तर काहीच होणार नव्हतं. रविवारी त्या वाचनाला उभ्या राहिल्या. पहिल्या ओळीनंतर थांबल्या, मागच्या बाकावर जाबेझकाका हात कानाशी नेऊन बसले होते. इथं थांबणं बरोबर होतं. तिथं नव्हतं. एवढं साधं ते होतं, आणि तेवढं कळूनही आपण तीन दिवस काढले, याची त्यांना लाज वाटली. घरी आल्यावर हॅटसुद्धा न काढता त्यांनी फोन उचलला.

सगळं ऐकून झाल्यावर पलीकडं इतकी शांतता पसरली, की बाईंना जुन्या सवयीनं वाटलं, जोडणी तुटली.

‘‘डॉक्टर, आहात ना?’’

‘‘सव्वीस?’’

‘‘सव्वीस. आयव्ही रॉडाची. क्लॅरीनं दोनदा मोजलं.’’

‘‘एकूण किती कॅसेटी आहेत?’’

‘‘तीनशे एक. सगळ्या आहेत.’’

‘‘कुणाला हात लावू देऊ नका,’’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. चहा घेतला नाही. खुर्चीच्या टोकावर बसले. ‘‘मेट्रोनोम कुठं आहे?’’

‘‘माळ्यावर. स्प्रिंग तुटलीय त्याची १९८० पासून.’’

‘‘सात वर्षं! आणि हे मला आज कळतंय? मिसेस पेन्हॉल, पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं? एका सेकंदाला एक! सगळं त्याच्यावर उभं होतं!’’

एल्वाबाई उठल्या. प्रार्थनापुस्तक आणलं, त्यातलं पत्र काढून त्यांच्यापुढं ठेवलं. डॉक्टरांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

‘‘हे माझंच अक्षर आहे,’’ ते म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘मला आठवत नाही. मी शपथेवर सांगितलं असतं, की मी असं कधी लिहिलं नाही.’’

‘‘मीसुद्धा शपथेवर सांगितलं असतं, की मी सावकाश वाचत नाही.’’

मागून क्लॅरी म्हणाला, ‘‘आता दोघांनी शपथा थांबवा आणि चहा घ्या. गार होतोय.’’

त्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर तीनशे एक कॅसेटी मोजून झाल्या. बाई लावायच्या, क्लॅरी घड्याळ दाबायचा, डॉक्टर लिहायचे. क्लॅरीनं अट घातली होती, की कबुतरांच्या शर्यतीसारखे दोन मोजणारे हवेत आणि एकानं दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही. डॉक्टर म्हणाले, हे तुम्हाला कुणी शिकवलं? क्लॅरी म्हणाला, मेव्हण्यानं.

पण तेवढ्यानं डॉक्टरांचं समाधान होईना. वाचन सावकाश झालं हे खरं, आकडे वाढले हेही खरं. पण एकामुळंच दुसरं झालं, हे अजून कुठं दिसलं? कदाचित गावही खरंच हुशार असेल. तेव्हा ठरलं असं, की कधीच न बसलेले तीस लोक घ्यायचे. शेजारच्या वॉलरू आणि कडिना गावांतूनही घेतले, कारण मूंटातले संपत आले होते. सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून क्लॅरीच्या टोपीत टाकली. निम्म्यांना यादी एका सेकंदाला एक शब्द अशी ऐकवायची, निम्म्यांना सव्वीस सेकंदांची. कुणाला कुठली, ते टोपी ठरवणार. लिहून घ्यायला शहरातून एक विद्यार्थिनी आली, प्रू नावाची. शब्द ऐकवून होईपर्यंत तिनं बाहेर थांबायचं, म्हणजे कुठला माणूस कुठल्या गटातला ते तिला कळायलाच नको. आणि वाचन कॅसेटवरून. दोन्ही आवाज एल्वाबाईंचेच, एकदा भरून ठेवलेले.

सावकाशची कॅसेट पहिल्याच खेपेला झाली. भराभरची होईना. क्लॅरीनं मेट्रोनोम दुरुस्त करून दिलं होतं, लंबक हलत होता, पण चौथ्या-पाचव्या शब्दाला जीभ मागं ओढायची. अकरा वेळा पुसून भरली. शेवटी क्लॅरी समोर उभा राहून हातानं टेबलावर ठोके देऊ लागला, तेव्हा कुठं बाराव्या खेपेला पंधरा शब्द पंधरा सेकंदांत बसले. बाईंना घाम फुटला होता.

‘‘टेलिफोन केंद्रातली एल्वा आली बघ परत,’’ क्लॅरी म्हणाला.

‘‘ती बरी होती. तिला लवकर घरी जायचं असायचं.’’

जुलैच्या शेवटी आकडे हाती आले. भराभर ऐकलेल्यांची सरासरी साडेसहा, सावकाश ऐकलेल्यांची पावणेआठ. त्या हिशेबानं मागच्या फेऱ्या तपासल्या, तेव्हा मूंटाच्या लोकांनी आठ वर्षांत जवळजवळ एक शब्द गमावला होता. जगात सगळीकडं गमावतात तेवढाच.

डॉक्टर मेलबर्नला गेले, पण ठरलं होतं ते बोलले नाहीत. वाचणारा माणूस वर्षानुवर्षं कसा नकळत बदलतो आणि मोजमापात कसा शिरतो, यावर वीस मिनिटं बोलले. त्यात मेट्रोनोमचं पत्रही त्यांनी वाचून दाखवलं, स्वतःच्या नावानिशी. एल्वाबाईंचं नाव घेतलं नाही, ‘आमच्या वाचक’ एवढंच म्हणाले. ऐकायला पन्नासेक लोक होते. आधीचा विषय असता तर सभागृह भरलं असतं, असं त्यांनी नंतर फोनवर सांगितलं, आणि त्यात थोडी कुरबुर होतीच. बाईंनी ती ऐकून घेतली.

चॅपेलच्या सभागृहात गावाला सांगायचं काम बाईंनी स्वतः मागून घेतलं. पाठ केलेलं काही नव्हतं. सरळ सांगितलं, की आपण सगळे विसरतो, जगासारखेच. चूक माझ्या वाचण्यात होती.

थोडी कुजबुज झाली. पाळकसाहेब खाली बघत होते. मग मागच्या बाकावरून जाबेझकाका ओरडले, ‘‘काय म्हणाली? मला शेवटचं ऐकू नाही आलं. सावकाश सांग!’’

सगळे हसले. एल्वाबाईही हसल्या, मग पुन्हा सावकाश सांगितलं. पाटीचा विषय नगरपरिषदेत परत निघाला नाही. रविवारचं वाचन बाईंकडंच राहिलं. उलट आता त्या मनात काही न धरता थांबत.

पुढच्या फेऱ्यांमध्ये यादी वाचायला कुणी माणूस उरलं नाही. टेपरेकॉर्डर वाचायचा. १९९० मध्ये नवे लोक घेताना डॉक्टरांच्या यादीत एक नाव होतं, एल्वा पेन्हॉल, वय सदुसष्ट. वाचायचं काम उरलं नव्हतं, तेव्हा त्यांना आता ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसता येत होतं. त्या ठेवणीतला निळा पोशाख घालून गेल्या. तीच मागची खोली, तेच टेबल. समोर प्रू बसली होती. त्यांच्यासाठी मुद्दाम वेगळ्या आवाजाची नवी कॅसेट केली होती.

यादी सुरू झाली. एका सेकंदाला एक. बाईंना ती कॅसेटवरची मुलगी फार घाईत वाटली. एक शब्द धरावा तोवर पुढचा येऊन जायचा. संपल्यावर त्यांनी डोळे मिटले. ‘‘दिवा… साबण… विहीर…’’ मग बराच वेळ काही नाही. ‘‘घोडा. आणि तो शेवटचा, काय बरं… किल्ली.’’ आणखी एक होता. त्याला त्यांनी शोधलं, तो जवळपास होता, आला नाही.

पाच झाले होते. जाबेझकाकांएवढे. ते जिवंत असते तर वर्षभर चिडवायला पुरलं असतं त्यांना.

प्रूनं मान हलवली नाही, सुस्कारा टाकला नाही, ओठ हलवले नाहीत. पेन्सिल धरून ती सरळ समोर बघत राहिली, दोन मिनिटं, अगदी दगडासारखी. एल्वाबाईंना तिला ‘छान’ म्हणावंसं फार वाटलं. अजून वेळ संपायची होती, म्हणून त्या गप्प बसल्या.